तीनशे अश्वशक्तीपैकी अकरा

शर्यतीच्या मोटारीशी नाते सांगणारी, परंतु सामान्य रस्त्यावर चालविण्यासाठी विकली जाणारी जी मोटारगाडी, तिला स्पोर्ट्‌स कार असे म्हणतात. ती बुटकी असते, तिच्यात बहुधा दोनच माणसे बसतात आणि तिचे एंजिन तिच्या आकाराच्या मानाने फार मोठे असते. असे वाहन बाळगणारा मनुष्य पेट्रोलचा हिशेब ठेवीत नाही, असा एक समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. बंगळूरसारख्या शहरात अशा मोटारीच्या मालकाला थोड्याच दिवसांत एक विलक्षण गोष्ट जाणवू लागते. ताशी अडीचशे किलोमीटर वेगासाठी बांधलेली आपली गाडी शेजारच्या लहानशा चार आसनी गाडीइतक्याच मंदपणे पुढे सरकते, आणि तरीही त्या गाडीच्या दुपटीहून अधिक पेट्रोल पिते. शहरी वाहतुकीची मोजदाद करणाऱ्या टॉमटॉम या डच कंपनीच्या पाहणीनुसार २०२२ साली बंगळूरच्या मध्यभागी दहा किलोमीटर अंतर तोडण्यास सरासरी २९ मिनिटे १० सेकंद लागत असत. म्हणजे वेग पडला ताशी सुमारे २० किलोमीटर. चांगला सायकलस्वार एवढ्या वेगाने सहज जाऊ शकतो.

मग ही दुप्पट खाद्याची भूक कोठून येते? गाडी वेगाने जात असती तर वेगाची किंमत मोजली असे म्हणता आले असते. परंतु येथे वेग नाही, आणि किंमत मात्र मोजली जात आहे. या प्रश्नाचा उलगडा झाला म्हणजे शक्तिमान मोटारीचा इंधनखर्च कमी कसा करावा हे कळते. शिवाय लहान मोटारीतही हाच दोष सौम्य रूपाने असतोच. मोठ्या मोटारीत तो भिंगातून पाहावा तसा ठळक दिसतो, एवढेच. आपल्या देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८० हून अधिक भाग बाहेरून आणावा लागतो, ही गोष्ट ध्यानात घेतली तर हा अभ्यास केवळ श्रीमंतांच्या हौसेपुरता राहत नाही.

एका लिटरचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जाळले असता सुमारे ३ कोटी २० लक्ष ज्यूल एवढी ऊर्जा मिळते. ही सगळी ऊर्जा चाकांपर्यंत पोचत नाही. तिचा मोठा वाटा निष्कास नळीतून तप्त वायूंबरोबर बाहेर जातो, दुसरा मोठा वाटा रेडिएटरच्या पाण्यावाटे हवेत जातो, आणि काही भाग एंजिनातील घर्षणात खर्ची पडतो. एंजिन अत्यंत अनुकूल स्थितीत चालत असेल तर शेकडा ३५ च्या आसपास ऊर्जा उपयोगी कार्याच्या रूपाने हाती लागते. मात्र ही अनुकूल स्थिती म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण सर्व मख्खी तेथेच आहे.

३०० अश्वशक्तीची एक स्पोर्ट्‌स कार कल्पनेने घ्यावी. चालक आणि इंधन धरून तिचे वजन १,६०० किलोग्रॅम आहे. ती ताशी ८० किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर चालली आहे. टायर रस्त्यावर लोळताना जो विरोध होतो तो सुमारे १८८ न्यूटन भरतो. समोरून गाडीचा छेद दोन चौरस मीटर आणि हवेचा रोधगुणांक ०.३३ धरला, तर बंगळूरच्या पठारावर हवेचा विरोध सुमारे १७८ न्यूटन येतो. दोहोंची बेरीज ३६६ न्यूटन. या विरोधावर मात करून ताशी ८० किलोमीटर वेग टिकविण्यास चाकांशी किती शक्ती लागते, याचा गुणाकार केला तर उत्तर येते सुमारे ११ अश्वशक्ती.

तीनशेपैकी अकरा! बाकीच्या दोनशे एकोणनव्वद अश्वशक्ती त्या वेळी काय करीत असतात? त्या निर्माणच होत नसतात, हे खरे. परंतु त्या निर्माण करण्यासाठी जी सामग्री बसविली आहे ती मात्र सतत फिरत असते. सहा किंवा आठ सिलिंडरांतले दट्टे वरखाली होत असतात, त्यांची कडी सिलिंडरच्या भिंतींवर घासत असतात, डझनावारी झडपांच्या कमानी दबत आणि सुटत असतात. बारशाला चार पाहुणे यावेत आणि लग्नाची भट्टी पेटवून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

याहूनही मोठा तोटा वेगळ्याच ठिकाणी होतो आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पेट्रोल एंजिनाची शक्ती कमी करावयाची म्हणजे त्याला मिळणारी हवा कमी करावयाची. हे काम थ्रॉटल झडप करते. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला की ही झडप जवळजवळ मिटते. दट्ट्या खाली येऊ लागतो, हवा ओढू पाहतो, पण वाट अरुंद असल्यामुळे त्याला ती सुखासुखी मिळत नाही. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट धरून दांडा ओढून पाहावा, म्हणजे दट्ट्याला किती कष्ट पडतात याची कल्पना येईल. हे कष्ट दर मिनिटाला हजारो वेळा घडतात आणि त्यांची भरपाई पेट्रोलनेच करावी लागते. एंजिन जेवढे मोठे आणि काम जेवढे लहान, तेवढी झडप अधिक मिटलेली व तेवढा हा ओढीचा तोटा अधिक. म्हणून ३५ टक्के कार्यक्षमतेचे एंजिन शहरातल्या रहदारीत १५ टक्क्यांवर येऊन ठेपते.

अर्थात दोष शक्तीचा नव्हे. दोष आहे शक्ती आणि काम यांच्या विजोडपणाचा. इंधन वाचविण्याचे जेवढे म्हणून खरे उपाय आहेत, ते सर्व या ना त्या रीतीने हा विजोडपणा कमी करतात. आणि जे करीत नाहीत ते बहुधा खोटे असतात.

सिग्नलपासून सिग्नलपर्यंत

आता हीच गाडी शहरात आणावी. ताशी ४० किलोमीटर वेग घेतला असता १,६०० किलोग्रॅम वजनात सुमारे एक लक्ष ज्यूल गतिज ऊर्जा साठते. पुढे तांबडा दिवा दिसतो, चालक ब्रेक दाबतो, आणि ही सारी ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवून हवेत जाते. ती पुन्हा मिळवावयाची तर १५ टक्के कार्यक्षमतेने साडेसहा लक्षांहून अधिक ज्यूलचे, म्हणजे सुमारे २१ मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते. दर किलोमीटरला असे तीन थांबे घडले तर ६३ मिलिलिटर गेले. टायरांच्या विरोधापोटी ३९ मिलिलिटर. त्या किलोमीटरला लागणाऱ्या तीन मिनिटांपैकी एक मिनिट गाडी उभी असेल, आणि मोठे एंजिन उभ्या उभ्या तासाला दीड लिटर पीत असेल, तर आणखी २५ मिलिलिटर. एकूण १२७ मिलिलिटर. लिटरला आठ किलोमीटरही धड पडत नाहीत. या हिशेबात हवेचा विरोध धरलेला नाही. एवढ्या कमी वेगाला तो क्षुल्लकच असतो. डौलदार, वारा कापणारा देह शहरात काही कामाचा नाही, तो हा असा.

चालकाच्या हाती काय आहे? पुढचा दिवा तांबडा होणार असे दिसताच लवकर पाय उचलावा आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. तीन थांब्यांपैकी एक जरी अशा रीतीने टळला तरी २१ मिलिलिटर वाचतात. उभे असताना एंजिन बंद ठेवले, तर २५ पैकी बहुतेक वाचतात. १२७ चे ८१ होतात आणि लिटरला आठऐवजी बारा किलोमीटर पडू लागतात. यासाठी गाडीचा एक स्क्रूही बदलावा लागत नाही. थांबताच एंजिन बंद करणारी आणि पाय उचलताच ते चालू करणारी स्वयंचलित व्यवस्था नव्या गाड्यांत असते. पुष्कळ मालक ती कळ दाबून बंद करून टाकतात, कारण पुन्हा सुरू होतानाचा हिसका त्यांना आवडत नाही. प्रत्येकाची आवड निराळी. पण मग पेट्रोलबद्दल तक्रार करू नये.

ॲक्सिलरेटर कसा दाबावा, याबद्दलचा रूढ समजही तपासून पाहण्यासारखा आहे. अगदी हळू, खालच्याच गिअरमध्ये रेंगाळत वेग वाढविल्यास पेट्रोल वाचते, असे पुष्कळांना वाटते. वर सांगितलेला ओढीचा तोटा लक्षात घेतला तर हे बरोबर नाही असे दिसून येईल. एंजिनाची कार्यक्षमता सर्वांत अधिक असते ती फेरे कमी आणि झडप बरीच उघडी असताना. तेव्हा बेताच्या जोराने वेग घ्यावा, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच वरचा गिअर टाकावा, आणि इष्ट वेग येताच पाय सैल सोडावा. स्पोर्ट्‌स कारच्या एंजिनाला खालच्या फेऱ्यांतही पुरेसा जोर असतो. त्यामुळे ही रीत तिला लहान गाडीपेक्षा अधिक मानवते. मात्र पाय पुरता दाबू नये. पूर्ण भार पडला की अतितप्त भाग थंड राहावेत म्हणून एंजिन मुद्दाम जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल घेते, आणि ते जादा पेट्रोल धड जळतही नाही.

पठाराची हवा

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा जवळजवळ दहा टक्क्यांनी विरळ असते. साध्या एंजिनाची कमाल शक्ती त्याच प्रमाणात घटते. कार्बुरेटरच्या काळात या विरळ हवेचा आणखी एक परिणाम होत असे. कार्बुरेटरमधून जाणाऱ्या हवेचे वजन दहा टक्क्यांनी घटले, तरी तिच्याबरोबर ओढल्या जाणाऱ्या पेट्रोलचे वजन सुमारे पाचच टक्क्यांनी घटते. कारण पेट्रोलचा ओघ हवेच्या घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. परिणामी मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. मुंबईत नेमकी जुळविलेली मोटार घाट चढून बंगळूरला आली की निष्कासाला काळा धूर आणि प्लगांवर काजळी दिसू लागे, आणि लिटरला पडणारे किलोमीटर कमी होत. त्यावर उपाय म्हणजे पेट्रोलची सूक्ष्म तोटी, जिला कारागीर जेट म्हणतात, ती एक आकडा लहान बसविणे. जुन्या स्पोर्ट्‌स कार जतन करणाऱ्यांना हे आजही करावे लागते. दोन किंवा तीन कार्बुरेटर असलेल्या गाडीत ते सर्व एकमेकांशी जुळलेले नसतील तर इतर सर्व उपाय व्यर्थ होत.

आजच्या गाड्यांत पेट्रोल फवारणारी यंत्रणा इलेक्ट्रॉनिक असते. आत येणारी हवा मोजून आणि निष्कासातला ऑक्सिजन तपासून ती मिश्रण क्षणोक्षणी दुरुस्त करते, तेव्हा उंचीचा हा दोष उरत नाही. उलट उंची थोडी हितकारकच ठरते. हवा विरळ असल्यामुळे तेवढ्याच कामासाठी झडप अधिक उघडावी लागते, म्हणून ओढीचा तोटा कमी होतो. आणि मोकळ्या रस्त्यावर गाडीला होणारा हवेचा विरोधही तेवढाच घटतो. पठारावरच्या गाडीची कमाल शक्ती उणावते आणि काटकसर किंचित वाढते, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मोकळ्या रस्त्यावर वेगाचा हिशेब निराळा होतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. कल्पनेतली आपली गाडी पुण्याच्या मार्गावर ताशी ८० किलोमीटरऐवजी, जेथे कायद्याने मुभा असेल तेथे, १२० किलोमीटर वेगाने नेली तर हवेचा विरोध १७८ वरून ४०० न्यूटनांवर जातो. ११ अश्वशक्तीऐवजी २७ लागतात, आणि दर किलोमीटरचे कार्य ६० टक्क्यांनी वाढते. पेट्रोल मात्र ६० टक्क्यांनी वाढत नाही, कारण अधिक भारामुळे मोठ्या एंजिनाची कार्यक्षमता काहीशी सुधारते. लहान गाडीला हा दिलासा मिळत नाही. तिचे एंजिन आधीच बऱ्यापैकी भारलेले असते. यामुळेच हमरस्त्यावर शक्तिमान गाडीचा खर्च अपेक्षेपेक्षा कमी निघतो आणि मालक चकित होतो. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करीत आली आहे. सामान्य गाडीसाठी ती योग्यच आहे. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत सर्वांत वरच्या गिअरमध्ये न धडधडता चालेल असा कमीत कमी वेग हाच तिचा काटकसरीचा वेग समजावा. तो याहून थोडा जास्त असू शकतो.

शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर नंदी डोंगर आहे. त्याची उंची १,४७८ मीटर. रविवारी पहाटे बंगळूरच्या वेगप्रिय मंडळींची तेथे गर्दी होते. १,६०० किलोग्रॅमची गाडी शहराच्या पातळीपासून तेवढी वर नेण्यास सुमारे ८७ लक्ष ज्यूल कार्य करावे लागते, म्हणजे नेहमीच्या खर्चाखेरीज जवळजवळ एक लिटर पेट्रोल. चढणीवर एंजिन चांगले भारलेले असते, त्यामुळे हा लिटर पुष्कळच कार्यक्षमतेने जळतो. प्रश्न येतो तो उतरताना. गिअर काढून, न्यूट्रलमध्ये गाडी घरंगळू द्यावी म्हणजे पेट्रोल वाचते, ही कार्बुरेटरच्या काळातील समजूत अजून गेलेली नाही. इलेक्ट्रॉनिक फवारणीच्या एंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल पूर्णपणे बंद होते. चाकेच एंजिनाला फिरवीत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र एंजिनाला स्वतःच्या जिवावर चालू राहावे लागते आणि ते पेट्रोल घेतच राहते. म्हणजे न्यूट्रलमध्ये खर्च अधिक होतो, आणि सारा भार ब्रेकवर पडून ते तापून निकामी होण्याचा धोका असतो तो वेगळाच.

हलकेपणाचा मार्ग

कारखानदारांनी हा विजोडपणा दूर करण्यासाठी पुष्कळ युक्त्या केल्या. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने अतोनात पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर कर बसला, तेव्हा कॉर्व्हेट या स्पोर्ट्‌स कारच्या १९८९ च्या सहा गिअरांच्या आवृत्तीत अशी व्यवस्था करण्यात आली की सावकाश चालविताना पहिल्या गिअरमधून दांडा सरळ चौथ्यातच जावा. चालकांना हे मुळीच रुचले नाही, पण चाचणीत गाडी कर चुकवून गेली. १९९७ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये सहावा गिअर इतका लांब होता की ताशी १०० किलोमीटर वेगाला ५.७ लिटरचे एंजिन मिनिटाला सुमारे दीड हजार फेरेच घेई. त्यामुळे साडेतीनशे अश्वशक्तीच्या जवळपास पोचणारी ती गाडी मोकळ्या रस्त्यावर लिटरला ११-१२ किलोमीटर देत असे.

काही सिलिंडर बंद ठेवणे, ही दुसरी युक्ती. आठांपैकी चार बंद केले की उरलेल्या चारांवर दुप्पट भार येतो, त्यांना हवा मोकळेपणी मिळते आणि ओढीचा तोटा घटतो. कॅडिलॅकने १९८१ साली हा प्रयोग केला. परंतु त्या काळची इलेक्ट्रॉनिक सामग्री संथ असल्यामुळे तो फसला. २०१२ पासून लाम्बोर्गिनीच्या बारा सिलिंडरांच्या अव्हेन्टाडोर गाडीत हीच कल्पना यशस्वीपणे वापरली गेली. तिसरा मार्ग टर्बोचा. एंजिन मुळातच लहान घ्यावयाचे आणि जोर हवा असेल तेव्हाच निष्कासाच्या बळावर त्यात अधिक हवा कोंबावयाची. २०१४ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आय-८ मध्ये तीन सिलिंडरांच्या दीड लिटर एंजिनातून २३१ अश्वशक्ती मिळविल्या होत्या, आणि जोडीला विजेची मोटर होती. ही मोटर ब्रेक लावताना जनित्राचे काम करते आणि एरवी चकत्या तापवून जाणारी ऊर्जा बॅटरीत साठविते. बंगळूरसारख्या शहरात या शेवटच्या युक्तीइतकी गुणकारी दुसरी नाही, हे मागील हिशेबावरून उघड आहे. ती या शहराला अपरिचितही नाही. २००१ साली येथेच विक्रीस आलेल्या रेवा या दोन दारांच्या विजेच्या गाडीत ब्रेकची ऊर्जा परत मिळविण्याची सोय होती. रेवाला कोणी स्पोर्ट्‌स कार म्हणणार नाही, ताशी ६५ किलोमीटर हा तिचा कमाल वेग. तरी हा धडा तिने आधी गिरविला होता.

आणि तरीही या सर्वांहून जुना आणि सरळ मार्ग वजन घटविण्याचा आहे. बंगळूरने त्याचा एक नमुना फार पूर्वीच पाहिला. येथील सिपानी ऑटोमोबाइल्स या कंपनीने १९८२ च्या सुमारास डॉल्फिन नावाची छोटी मोटार बाजारात आणली. ती मूळची इंग्लंडातील रिलायंट कंपनीची किटन. तिचा देह पत्र्याचा नसून काचतंतूंच्या प्लॅस्टिकचा होता, ८४८ घन सेंटिमीटरचे एंजिन सबंध ॲल्युमिनियमचे होते, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती आणि मूळच्या किटनचे वजन पाचशे किलोग्रॅमहून थोडेसेच जास्त. त्या वेळची प्रीमियर पद्मिनी जवळजवळ तेवढ्याच शक्तीवर ९०० किलोग्रॅमच्या आसपास वजन ओढीत असे. साहजिकच डॉल्फिन तिच्यापेक्षा चपळ होती आणि पेट्रोलही कमी पीत होती. दोन्ही गुण एकाच कारणातून उपजलेले होते. मद्रासजवळ शोलावरम येथे युद्धकाळातील विमानांच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती भरत. तेथे आणि रॅलींत या काटकसरी गाडीने भाग घेतला आणि बऱ्याच जणांना अचंबित केले. बाजारात तिचे पुढे काही चालले नाही. तिला दारे दोनच, ग्राहकांचा प्लॅस्टिकच्या देहावर विश्वास बसेना, आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. एका चांगल्या कल्पनेला वेळ चुकीची मिळाली, असेच म्हणावे लागेल.

माणसे धरून ६५० किलोग्रॅमच्या अशा गाडीला ताशी ४० किलोमीटर वेगावर आणण्यास सुमारे ४० हजार ज्यूल पुरतात. आपल्या कल्पनेतल्या गाडीला लक्ष ज्यूल लागतात. प्रत्येक थांब्याला हाच फरक. इंग्लंडातील लोटस कंपनीची १९९६ ची एलिस ही गाडीही याच पंथाची. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या सांगाड्यामुळे तिचे वजन ७२५ किलोग्रॅमच्या आसपास राहिले, म्हणून १.८ लिटरच्या सामान्य एंजिनावरही ती भल्याभल्या गाड्यांना मागे टाकू शकत असे. मालकाला गाडीचा सांगाडा काही बदलता येत नाही. परंतु जड चाकांऐवजी हलकी चाके, सामानकप्प्यातल्या अनावश्यक वस्तूंना रजा, आणि लांबच्या प्रवासाखेरीज टाकी काठोकाठ न भरणे, एवढे तो करू शकतो. रुंद टायर हौसेने आणखी रुंद करणे हा मात्र उलट दिशेचा प्रवास होय. टायरांतील हवा निर्मात्याने सांगितलेल्या दाबाइतकी आहे की नाही, हे थंड टायरांवर पंधरवड्यातून एकदा तपासावे.

पेट्रोल कोणते?

६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूर येथेच भरलेल्या भारत ऊर्जा सप्ताहात २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ झाला. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे या मिश्रणाच्या लिटरात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते, आणि इतर काहीही न बदलल्यास लिटरमागचे अंतर साधारण त्याच प्रमाणात घटणे अपरिहार्य आहे. इथेनॉलचा गुण दुसरीकडे आहे. त्याचा ऑक्टेन अंक मोठा असतो, म्हणजे दाबाखाली ते अवेळी पेटत नाही.

स्पोर्ट्‌स कारला ऑक्टेनचे महत्त्व फार. तिच्या एंजिनात मिश्रण अधिक दाबले जाते, कारण दाब जितका जास्त तितकी कार्यक्षमता जास्त. अपुऱ्या ऑक्टेनचे पेट्रोल अशा दाबाखाली मध्येच भडकते आणि एंजिन ठोके देऊ लागते. आधुनिक एंजिन हे ठोके ओळखून ठिणगी थोडी उशिरा पाडते. एंजिन वाचते, पण शक्ती आणि काटकसर दोन्ही थोड्या थोड्या हातच्या जातात. तेव्हा निर्मात्याने ज्या ऑक्टेनची अट घातली असेल ते महागडे पेट्रोल घेण्यात उधळपट्टी नाही. मात्र ज्या गाडीला त्याची गरज नाही तिच्यात ते ओतून काहीही साधत नाही. इथेनॉलसाठी न बनविलेल्या जुन्या गाडीत रबराच्या नळ्या आणि जोड त्या मिश्रणाला टिकणारे आहेत ना, हेही पाहावे. गळणाऱ्या पेट्रोलइतका निरुपयोगी खर्च दुसरा नाही, आणि धोका त्याहून मोठा.

पेट्रोलच्या नळीवर बसवावयाची लोहचुंबके, टाकीत टाकावयाच्या गोळ्या, हवेला भोवरा देणाऱ्या चकत्या अशा वस्तूंची जाहिरात अनेक दशके चालू आहे. यांपैकी एकही वस्तू एंजिनावरचा भार, गाडीचे वजन, टायरांचा विरोध किंवा हवेचा विरोध बदलीत नाही. त्या बसविल्यावर फरक पडला असे सांगणारे लोक खोटे बोलतात असे नव्हे. पैसे खर्च केलेला मनुष्य काही दिवस काळजीपूर्वक गाडी चालवितो, आणि फरक त्याच्या पायाने पडलेला असतो.

म्हणून कोणताही उपाय करून पाहण्यापूर्वी मोजणी करावी. फलकावरच्या आकड्यावर विसंबू नये. टाकी एका ठरावीक पंपावर, पंप आपोआप थांबेल तेथपर्यंत भरावी आणि अंतराचा आकडा लिहून ठेवावा. निदान तीन-चारशे किलोमीटर गेल्यावर त्याच पंपावर तशाच रीतीने पुन्हा भरावी. जितके लिटर बसले त्यांनी अंतराला भागावे. असे तीन वेळा करून सरासरी काढावी, आणि शहरातील प्रवासाची व हमरस्त्यावरची नोंद वेगळी ठेवावी. मग एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर फरक कोणामुळे पडला हे कळण्यास मार्ग राहत नाही. पावसाळ्यातली नोंद उन्हाळ्यातल्या नोंदीशी ताडून पाहू नये, कारण ओल्या रस्त्यावर टायरांना पाणी कापीत जावे लागते आणि तेवढे पेट्रोल अधिक लागते.